छातीचे हाड बोटांनी कसे ओळखावे: माणसाचे, शेळीचे आणि कोंबडीचे

छातीच्या मधोमध उभे असलेले चपटे हाड म्हणजे उरोस्थी. दवाखान्यात त्याला स्टर्नम म्हणतात, मटणाच्या दुकानात त्याच भागाला सीना. अंगातली बहुतेक हाडे मांसाखाली दडलेली असतात, हे मात्र कातडीला लागूनच असते. त्यामुळे डोळे मिटूनसुद्धा ते वरपासून खालपर्यंत चाचपता येते. ईसीजी काढणारा, बेशुद्ध माणसाची छाती दाबणारा, शेळी फळवण्याआधी, म्हणजे बोकड दाखवण्याआधी, तिची तब्येत बघणारा आणि गावरान कोंबडी विकत घेणारा, या चौघांचेही काम याच हाडाशी पडते. चौघांची चूकही बहुधा एकच असते: नजरेने अंदाज बांधणे. स्तनाग्राची जागा माणसागणिक बदलते. शेळीचे केस आणि कोंबडीची पिसे हडकुळे अंगही भरलेले दाखवतात. म्हणून आधी बोटाने हाड शोधायचे आणि मग पुढचे ठरवायचे.

सुरुवात स्वतःच्या छातीपासून करा

शरीररचनेच्या पुस्तकांत या हाडाची तुलना तलवारीशी केलेली असते: वर मूठ, मध्ये पाते, खाली टोक. मुठीला मॅन्युब्रियम आणि टोकाला झिफॉइड म्हणतात. मोठ्या माणसात हाडाची लांबी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर भरते. पुरुषांमध्ये ते स्त्रियांपेक्षा लांब असते.

ताठ बसा. गळ्याच्या पायथ्याशी, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मध्ये जी खळगी आहे तिथे तर्जनी ठेवा. खळगीचा खालचा काठ हीच उरोस्थीची वरची कड. इथे जोर लावू नका, लगेच मागे श्वासनलिका आहे आणि ठसका लागतो. आता बोट हाडावरून सावकाश खाली सरकवा. साधारण ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. मूठ आणि पाते जिथे जुळतात तिथे हाड किंचित पुढे कललेले असते, त्याचा हा कंगोरा. त्याला लुईचा कोन म्हणतात. छातीवरची सगळी मोजणी या एका खुणेवर उभी आहे, त्यामुळे तो पक्का सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

सापडत नसेल तर बहुतेक वेळा दाब कमी पडलेला असतो किंवा बोट फार भरभर सरकलेले असते. दोन बोटांची पेरे हाडावर घट्ट टेकवा आणि कातडीसकट वर-खाली हलवा. घासू नका, घासल्याने फक्त कातडी जाणवते. स्थूल माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगितले की कोन थोडा स्पष्ट होतो.

या कोनापासून बोट आडवे बाजूला नेले की ते थेट दुसऱ्या बरगडीवर जाते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली लपलेली असते आणि ती हाताला लागत नाही. वरून पहिली म्हणून मोजायला घेतलेली बरगडी प्रत्यक्षात दुसरी असते, आणि शिकाऊ मुलांचा आकडा चुकतो तो इथेच. दोन बरगड्यांमधल्या फटीला वरच्या बरगडीचा क्रमांक मिळतो. म्हणजे दुसऱ्या बरगडीखालची फट दुसरी, तिसरीखालची तिसरी. मोजताना हाडाच्या कडेपासून २-३ सेंटीमीटर बाहेर राहा, कारण खालच्या बाजूला कूर्चा (बरगड्यांची पुढची, हाडापेक्षा मऊ आणि लवचीक टोके) कडेजवळ एकमेकींना खेटतात आणि फटी हाताला लागत नाहीत. दोन बोटांनी पायऱ्या उतरल्यासारखे मोजा, एक टेकलेले असतानाच दुसरे पुढे टाका. दोन्ही एकदम उचलली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वरच्या सात बरगड्यांच्या कूर्चा थेट उरोस्थीला जुळतात. आठवी, नववी आणि दहावी वरच्या कूर्चेला टेकतात. अकरावी आणि बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नसतात.

आता पात्यावरून खाली या. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या कडा जिथे उलट्या व्हीसारख्या एकत्र येतात, त्या शेंड्याशी लहानसे टोक लागते. तेच झिफॉइड. तरुणपणी ते बहुतांश कूर्चेचे, म्हणजे लवचीक असते आणि चाळिशीच्या आसपास त्याचे हाड होऊ लागते. त्याचा आकारही ठरलेला नसतो. कुणाचे दुभंगलेले, कुणाचे भोक असलेले, कुणाचे पुढे वळलेले. अंगावरची चरबी उतरली की ते अचानक हाताला लागते आणि गाठ आली म्हणून माणूस घाबरतो. मधोमध आहे, हाडासारखे टणक आहे, वरच्या हाडाला जोडलेले आहे आणि वाढत नाही, तर ते बहुधा हेच टोक. वाढत असेल, दुखत असेल, वरची कातडी लाल झाली असेल किंवा खोकताना फुगा बाहेर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. खोकल्याबरोबर येणारा फुगा हर्नियाचा असू शकतो.

उरोस्थीच्या कडेला, बरगडीच्या जोडावर दाबले की दुखणे, हा त्या कूर्चेच्या सुजेचाही प्रकार असतो. पण दाबल्यावर दुखले म्हणजे हृदयाचे नाही, असे घरी ठरवू नये. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असेल तर आधी ईसीजी.

ईसीजीच्या चकत्या

ईसीजी यंत्राच्या तारा छातीवर ज्या सहा चकत्यांना जोडतात त्यांना व्ही १ ते व्ही ६ म्हणतात. त्यांपैकी पहिल्या दोन उरोस्थीच्या कडांना लागून बसतात, आणि पुढच्या चारही त्यांच्यावरूनच ठरतात. लुईचा कोन शोधा, दुसऱ्या बरगडीवर या, चौथ्या फटीपर्यंत उतरा. व्ही १ रुग्णाच्या उजव्या कडेला, व्ही २ डाव्या कडेला. मग व्ही ४ आधी लावा: पाचवी फट, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही २ आणि व्ही ४ यांच्या बरोबर मध्ये व्ही ३. व्ही ५ काखेच्या पुढच्या घडीखाली आणि व्ही ६ काखेच्या मध्यरेषेखाली, दोन्ही व्ही ४ च्याच आडव्या पातळीत. बरगडी बाजूला वर चढत जाते, तिच्या मागे जाऊ नका.

नेहमीची चूक म्हणजे व्ही १ आणि व्ही २ दुसऱ्या-तिसऱ्या फटीत, म्हणजे फार वर लावणे. मग आलेखात जुना हार्ट अटॅक किंवा विद्युतवहनातला अडथळा असल्याचा भास होऊ शकतो आणि धडधाकट माणूस नसत्या तपासण्यांच्या फेऱ्यात अडकतो. स्त्रियांमध्ये व्ही ४ स्तनावर न लावता स्तन हलकेच वर उचलून खालच्या भागात लावतात. परवानगी विचारून, पडदा ओढून.

छाती दाबायची वेळ येते तेव्हा

इथे मात्र बरगड्या मोजत बसू नका. मोजणीत गेलेल्या प्रत्येक सेकंदाला मेंदूला रक्त मिळत नसते. माणूस हाकेला, खांदे हलवण्याला प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे पुरे. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. ते पाहून थांबू नका. एकाला ११२ किंवा १०८ वर फोन करायला सांगा, जवळ एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे) यंत्र असेल तर आणायला सांगा आणि सुरू करा.

माणसाला जमिनीवर उताणे घ्या. गादीवर दाबले तर हाड कमी आणि गादीच जास्त दबते. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. बोटे बरगड्यांवर टेकू देऊ नका. कोपरे सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, जोर दंडातून न लावता कमरेपासून. प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर दबली पाहिजे, ६ पेक्षा जास्त नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रशिक्षण नसेल तर तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत न पडता फक्त दाबत राहा. प्रशिक्षित असाल तर ३० दाब, मग २ श्वास.

हात डावीकडे जातात, कारण हृदय डावीकडे असते असे आपण लहानपणापासून ऐकतो. हृदयाचे टोक डावीकडे झुकलेले आहे, पण त्याचा मोठा भाग उरोस्थीच्या मागेच असतो. पुढे हे हाड, मागे पाठीचा कणा, आणि त्या दोघांमध्ये हृदय पिळले जाते तेव्हा रक्त पुढे जाते. डावीकडे दाबले तर बरगड्या तुटतात आणि हृदय मात्र पुरेसे दबत नाही. फार खाली, झिफॉइडवर दाबले तर यकृताला इजा होऊ शकते.

दुसरी चूक अधिक बारीक आणि म्हणूनच अधिक वेळा होणारी: दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहणे. हाड पूर्ण वर आले तरच हृदयात रक्त परत भरते. हात कातडीवरून न उचलता भार पूर्ण काढा. दर २ मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्या माणसाचे दाब उथळ होत जातात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. दाबताना कट्‌कन आवाज आला तर बरगडी किंवा कूर्चा मोडली असेल. हे नेहमी घडते. हातांची जागा तपासा आणि चालू ठेवा. मोडलेली बरगडी जुळून येते.

लहान मुलात एका तळव्याची टाच पुरते, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ५ सेंटीमीटर. वर्षाच्या आतल्या बाळाची छाती दोन्ही हातांनी कवेत घेऊन दोन अंगठ्यांनी उरोस्थी सुमारे ४ सेंटीमीटर दाबतात. सराव नेहमी पुतळ्यावर करायचा. जिवंत, शुद्धीतल्या माणसावर कधीही नाही.

कुत्र्याच्या बाबतीत छातीचा घाट बघावा लागतो. कारवान हाउंडसारखी छाती खोल आणि अरुंद असेल तर कुशीवर झोपवून, पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागे, थेट हृदयावर दाबतात. बुलडॉगसारख्या रुंद, चपट्या छातीच्या कुत्र्याला मात्र उताणे करून माणसासारखे उरोस्थीवर दाबता येते. वेग तोच, १०० ते १२०.

शेळीची तब्येत सीन्यावरून

शेळी चरबी साठवते ती मुख्यतः पोटाच्या आत, आतड्यांभोवती. पाठीवर कमी. म्हणून फक्त कंबर चाचपून शेळीची तब्येत पुरती कळत नाही, सीनाही पाहावा लागतो. उस्मानाबादी असो वा संगमनेरी, पद्धत तीच. शेळी सपाट जागी चारही पायांवर उभी करा, एकाने मान धरावी. तुम्ही बाजूने हात घालून पुढच्या दोन पायांच्या मध्ये, उरोस्थीखाली तळवा न्या. अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून हाडावरची चरबीची गादी चिमटीत धरा, डावी-उजवीकडे हलवून पाहा. मग कमरेच्या आडव्या हाडांची टोके चाचपा. दोन्हींवरून १ ते ५ गुण द्या, मध्ये अर्धा गुणही चालतो.

१ गुण: गादी अगदी पातळ, सहज चिमटीत येते, मोकळी हलते, बरगड्यांचे सांधे बोटाला एकेक लागतात. २: गादी धरता येते, थोडीच हलते, सांधे अंधुक लागतात. ३: गादी रुंद आणि जाड, धरता येते पण जवळजवळ हलत नाही, सांधे जेमतेम जाणवतात. ४: रुंदी-जाडीमुळे धरणेच कठीण, हलत नाही. ५: चरबी बरगड्यांवरच्या चरबीत मिसळून गेलेली, धरायला काही उरतच नाही.

फळवण्याच्या वेळी ३ च्या आसपास असावी, विताना ३ ते ३.५. गुण २ च्या खाली असेल तर माज नीट येत नाही, जुळ्यांचे प्रमाण घटते आणि विल्यावर दूध कमी. ४ च्या वर आणि पोटात जुळी असतील तर शेवटच्या दीड महिन्यात धोका वाढतो: पोट पिल्लांनी आणि चरबीने भरलेले, खाणे कमी, मग शरीर चरबी जाळू लागते आणि किटोसिस होतो. अशी शेळी चारा सोडते, सुस्त होते, बसून राहते. म्हणून गुण फळवण्याच्या महिनाभर आधी पाहा आणि तेव्हाच खुराक वाढवा किंवा कमी करा. गाभण शेळीला शेवटी उपाशी ठेवून बारीक करायला गेलात तर तोच आजार ओढवून घ्याल.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. बसून बसून सीन्यावर कातडीचा घट्टा पडतो, त्याला चरबी समजू नका. घट्टा कातडीतच असतो, चिमटीत कातडीबरोबर येतो. भरलेले पोट नजरेला तब्येत चांगली दाखवते. आणि मऊ, गरम, दुखरी फुगवटी म्हणजे चरबी नव्हे, गळू असू शकते.

गाई-म्हशींच्या बाबतीत सीन्याची सूज अधिक गंभीर घ्यावी. चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीदार कप्प्यात, अडकतो. हे पोट उरोस्थीच्या टोकाच्या लगेच मागे-वर असते आणि त्याच्या पुढे, एका पडद्यापलीकडे हृदय. तार पुढे सरकली तर थेट हृदयाच्या आवरणात जाते. सीन्यावर पाणी उतरल्यासारखी सूज, मानेची फुगलेली शीर, पुढची कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उतारावर चालायला नकार, अशी लक्षणे दिसली की पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. ते झिफॉइडच्या जागी खालून दाब देऊन जनावर कण्हते का ते ऐकतात.

कोंबडी: जिवंत निवडताना, मग चिरताना

उडणाऱ्या पक्ष्यांच्या उरोस्थीला मधोमध उभी धार असते, नौकेच्या तळाच्या कण्यासारखी. पंखांचे स्नायू इथे धरलेले असतात. एमू आणि शहामृग यांना ही धार नाही, त्यांची उरोस्थी सपाट असते, कारण उडण्याचे काम नाही. कोंबडी फारशी उडत नाही, पण धार ठळक आहे.

कोंबडी सरळ धरा, उलटी टांगू नका. पिसांच्या आत बोटे घालून धारेच्या दोन्ही बाजू चाचपा. धार सुरीसारखी लागते आणि बाजू आत गेलेल्या असतील तर ० गुण. धार स्पष्ट पण बाजू सपाट, १. बाजू गोलाकार भरलेल्या आणि धार बोटाला लागते, २. मांस धारेच्या बरोबरीला आलेले, ३. अंडी देणाऱ्या कोंबडीला ० गुण मिळाला तर जंत, इतर कोंबड्यांनी दाण्यापासून हुसकावणे किंवा आजार यांपैकी काहीतरी आहे. गळ्याच्या पायथ्याशी दाण्याची पिशवी भरलेली असते, तिला छातीचे मांस समजू नका.

धार वाकडी किंवा मध्ये गाठाळ लागली तर हाड कधीतरी मोडून जुळलेले आहे. अंड्यांच्या कोंबड्यांत हे फार आढळते: कवचासाठी हाडातले कॅल्शियम खर्ची पडते आणि उंच दांडीवरून उतरताना धडक बसते. दांड्या कमी उंचीवर, ४-५ सेंटीमीटर रुंद आणि कडा गोल केलेल्या ठेवा, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम असू द्या.

वय ओळखायचे असेल तर धारेचे मागचे, पोटाकडचे टोक अंगठ्याने दाबा. लवून परत आले तर कोंबडी कोवळी, ते अजून कूर्चेचे आहे. अजिबात न लवणारे कडक टोक म्हणजे जून कोंबडी. तिला साध्या भांड्यात रटरटवत बसण्यापेक्षा कुकर बरा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापतात, त्यामुळे त्यांचे टोक नेहमीच मऊ मिळते.

बोनलेस काढण्यासाठी कोंबडी थंड असू द्या. नुकत्याच कापलेल्या गरम कोंबडीचे मांस हाडाला चिकटते आणि फाटते. पहिले काम मानेकडचे व्हीच्या आकाराचे हाड काढण्याचे. ही कोंबडीची दोन जुळलेली गळपट्टीची हाडे आहेत. सुरीच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांच्या कडेने चीर द्या, मागे बोट घाला आणि ओढून काढा. हे राहिले तर सुरी त्यात अडकते आणि तुटलेले काटे मांसात राहतात.

मग धारेच्या एका बाजूला, अगदी खेटून, मानेपासून शेपटाकडे लांब चीर द्या. करवतीसारखे मागे-पुढे न करता एकेक सरळ ओढ. पाते हाडावर टेकलेले राहिले पाहिजे, हाडावर घासल्याचा बारीक आवाज येत राहतो. मोकळ्या हाताने मांस बाहेर ओढत धारेवरून खाली, मग बरगड्यांवरून पंखाच्या सांध्यापर्यंत या आणि सांध्यात सुरी घालून मोकळे करा. पाते हाडापासून सुटले की सांगाड्यावर मांस राहते. फार खोल गेले की कूर्चेचे पांढरे तुकडे बोनलेसमध्ये येतात.

मोठ्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, हाडालगत एक लांबट वेगळी पट्टी दिसेल. पंख खाली मारायचे काम वरच्या मोठ्या स्नायूचे, वर उचलायचे काम या आतल्या पट्टीचे. छातीत असूनही ती पंख वर खेचते, कारण तिची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी पांढरी दोरी) खांद्यातल्या छिद्रातून वर जाऊन मग पंखाच्या हाडाला लागते, रहाटावरून गेलेल्या दोरासारखी. हीच पांढरी शीर शिजल्यावर चिवट होते. तिचे टोक कागदाने किंवा फडक्याने घट्ट धरा, पाते तिच्यावर तिरके ठेवा आणि शीर ओढून घ्या. मांस पात्याच्या पलीकडे सुटते.

तुकडे भांड्यात टाकण्याआधी प्रत्येकाच्या मानेकडच्या आणि बरगडीकडच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. राहिलेला काटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतो.